अण्णांच्या हातातली कार्डं

डायलिसिस सेंटरवर सगळ्यांच्या आधी पोचायचे ते आमचे अण्णा. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला, कानाला मफलर आणि हातात रबर बँड घातलेला, पेशंटांच्या चिपवाल्या कार्डांचा गठ्ठा. गठ्ठ्यात सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं कार्ड, खाली पिशोर, देवगाव रंगारी, कन्नड भागातल्या सात-आठ पेशंटांची. ती माणसं पहाटेच्या एसटीनं निघायची तरी सेंटरवर यायला आठ वाजायचे, आणि तोवर शहरातल्यांनी सगळी मशिनं धरलेली असायची. मशीन उशिरा मिळालं की दुपारची परतीची गाडी चुकायची. म्हणून जाताना ही मंडळी आपापली कार्डं अण्णांकडे ठेवून जायची आणि पुढच्या खेपेला अण्णा सगळ्यांचा नंबर लावायचे. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, निम्मी नोकरी त्याच रस्त्यावर झालेली. "माझ्या गाडीतली माणसं हायेत ती," असं म्हणून ते गठ्ठा खिशात घालायचे.

काउंटरवरच्या ताई तो गठ्ठा घ्यायच्या आणि एकेक कार्ड रीडरमध्ये सरकवायच्या. पडद्यावर नाव दिसलं की प्रिंट, की पुढचं कार्ड. प्रत्येकाची स्लिप निघायची. नाव, अंगातलं जादा पाणी काढून झाल्यावर किती वजन राहिलं पाहिजे तो आकडा, कुठलं औषध किती चालतं आणि कुठलं चालत नाही. ती स्लिप त्या त्या मशीनला चिकटवली जायची. ज्याची स्लिप, तो बऱ्याचदा अजून बसमध्येच असायचा.

हा सगळा प्रोग्राम मी लिहिलेला होता, आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

आधी तिथं लाल शाईनं खुणा केलेलं एक जाडजूड रजिस्टर होतं. अण्णांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली असताना मी सिस्टरना अंगठा ओला करून पानं उलटताना बघायचे आणि मनातल्या मनात चिडायचे. कुठल्या जमान्यात राहतात ही माणसं, असं वाटायचं. चिकलठाण्याला आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथल्या साहेबांना पटवलं, सेंटरच्या डॉक्टरांना पटवलं, आणि रजिस्टर कपाटात गेलं.

आता यातली गोम सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी ज्या पद्धतीनं प्रोग्राम लिहिते त्याला आमच्याकडे मॅनेज्ड कोड म्हणतात. लाडावलेलं काम असतं ते. मेमरी तो स्वतःच आवरतो, आणि काही बिघडलं की जागच्या जागी थांबून आरडाओरडा करतो. त्यात वाढलेल्या माणसाला वाटायला लागतं की जगात काहीही चुकलं तरी कुणीतरी ओरडेलच. पण कार्डाचा रीडर या लाडक्या कोडला ओळखत नाही. त्याच्याशी बोलायचं तर सिस्टिमच्या पोटातली जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, बोलवावी लागते. ती जुन्या वळणाची. किती जागा दिली, कुठं दिली, कुठला आकडा किती बाइटांचा, सगळं तिला हातानं लिहून द्यायचं. आणि ती कधी ओरडत नाही. काम झालं तर शून्य परत देते. नाही झालं तर दुसरा एखादा नंबर परत देते, तेवढ्याच शांतपणे. तो नंबर बघायचा की नाही हे तुमच्यावर. नाही बघितला तर ती काही म्हणत नाही, आणि तुमचा प्रोग्राम सगळं ठीक आहे असं धरून पुढं जातो.

सुरुवातीला मी प्रत्येक नंबर बघत होते, एवढं मला माझ्या बाजूनं सांगू द्या.

कार्डं भरायचं काम मी स्वतः केलं. एकेका पेशंटशेजारी स्टूल घेऊन बसायचे, जुनं रजिस्टर मांडीवर, आणि विचारून विचारून लिहायचे. देवगाव रंगारीच्या मावशी अण्णांच्या शेजारच्या मशीनवर असायच्या. साठीच्या, बारीक, बोलताना पदरानं तोंड झाकणाऱ्या. रक्त मशीनच्या नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून बहुतेकांना हेपरिन नावाचं औषध देतात. मावशींना ते चालत नव्हतं. पूर्वी दुसरीकडे कुठंतरी दिलं गेलं होतं, तर उलट त्यांच्या अंगातच गुठळ्या व्हायला लागल्या, पाय काळानिळा पडला, आणि त्या मरता मरता वाचल्या. म्हणून त्यांच्या मशीनला मिठाच्या पाण्याची बाटली लावून दर अर्ध्या तासाला नळ्या धुवायच्या. आणि म्हणूनच प्रत्येक खेपेला आडवं होण्याआधी त्या सिस्टरचा हात धरून सांगायच्या, "बाई, मला ते हेपरिन देऊ नको बरं."

ते वाक्य मी कार्डावर लिहिलं आणि मोठ्या प्रेमानं म्हटलं, "मावशी, आता दर वेळी सांगायची गरज नाही. कार्डावर आहे सगळं."

"व्हय?"

"हो. कार्ड घातलं की आपोआप छापून येतं."

"मंग लई बरं झालं माय. मला लाज वाटती रोज रोज सांगायची."

त्या दिवसापासून मावशींनी सांगायचं बंद केलं.

उन्हाळ्यात काउंटरवरच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. कार्डावरची माहिती दोन तुकड्यांत वाचली जायची. आधी नाव, मग वजनाचा आणि औषधांचा भाग. ताईंना पडद्यावर नाव दिसलं की त्या कार्ड ओढून घ्यायच्या, समोर गर्दी असायची. दुसरा तुकडा वाचायचा राहायचा, लायब्ररी तिचा नंबर परत द्यायची आणि माझा प्रोग्राम मोठी खिडकी उघडायचा, 'कार्ड पुन्हा लावा'.

"मॅडम, ती खिडकी काढून टाका ना," ताई म्हणाल्या. "दर चौथ्या कार्डाला येऊन बसते. लोक माझ्यावर खेकसतात."

खरं तर दोन्ही तुकडे वाचून झाल्यावरच नाव दाखवायचं, एवढंच करायला हवं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या आठवड्यात ऑफिसात दुसरीच गडबड होती, आणि ताई चांगल्या होत्या, अण्णांना खुर्ची द्यायच्या. मी सरळ तो नंबर बघायचंच सोडून दिलं. फार तर स्लिपवर औषधांची जागा कोरी येईल, सिस्टरला कोरी जागा दिसेल आणि ती विचारेल, असं मी गृहीत धरलं. खिडकी गेली. ताईंनी मला घरचं करंजीसारखं काहीतरी गोड आणून दिलं आणि मी ते खाल्लं.

श्रावणातली एक दुपार इथंच सांगून ठेवते. मी त्या दिवशी घरून काम करत होते. अण्णा रिक्षातून उतरले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसून राहिले. चेहरा पांढराफटक. मी पळत खाली गेले.

"काय झालं अण्णा? कसं वाटतंय?"

"काय नाय."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर. मनगट मोडलं तेव्हाही काय नाय. आई गेली त्या दिवशी शेजारचे लोक विचारायला आले तेव्हाही दारात उभं राहून काय नाय म्हणाले होते. मी त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळानं ते कठड्याला धरून वर आले आणि झोपले.

दिवाळीनंतरचा तो गुरुवार. दुसऱ्या गावच्या एका सेंटरला प्रोग्राम दाखवायचा होता, म्हणून अण्णांना सोडून मी थेट ऑफिसला आले. पावणेआठ झाले होते, ऑफिसात कुणी नव्हतं. टेबलावर रीडर आणि दोन चाचणीची कार्डं होती. एकावर अण्णांची माहिती उतरवून घेतलेली, दुसऱ्यावर माझं नाव आणि मुद्दाम टाकलेली हेपरिनची ॲलर्जी. अण्णांचं वाचलं. मग माझं सरकवलं, तेवढ्यात फोन वाजला, आणि नाव दिसताक्षणी मी कार्ड ओढून घेतलं. अगदी ताई ओढतात तसं.

पडद्यावर माझं नाव होतं. खाली अण्णांचं वजन, आणि 'हेपरिन चालते'.

आधी मला हसूच आलं. वाटलं, चाचणीचं कार्ड भरताना मीच गोंधळ घातला असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हळू, कार्ड आत राहू दिलं, तर सगळं बरोबर. चौथ्यांदा ओढलं, की पुन्हा अण्णांचं वजन माझ्या नावाखाली. मी लायब्ररीनं परत दिलेला नंबर छापून बघितला. शेवटी एकोणसत्तर असलेला एक लांबलचक आकडा. त्याचा अर्थ मला तोंडपाठ होता, कार्ड काढून घेतलं आहे. लायब्ररी दर वेळी सांगत होती. मीच ऐकत नव्हते.

आणि जागा कोरी का नाही आली? कारण उन्हाळ्याच्या आधीच प्रोग्राम जलद व्हावा म्हणून मी दर कार्डाला मेमरीतली नवी जागा घ्यायचं बंद करून एकच जागा पुन्हा पुन्हा वापरायला लागले होते, न पुसता. हे दोन बदल माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. दुसरा तुकडा वाचला गेला नाही तर तिथं आधीच्या माणसाचा तुकडा तसाच पडून राहायचा, आणि छापला जायचा.

गठ्ठ्यात सगळ्यात वर अण्णांचं कार्ड. अण्णा गठ्ठा नेहमी एकाच क्रमानं लावायचे, मशिनांच्या क्रमानं. त्यांच्या खाली मावशींचं.

सेंटरवरच्या जुन्या सिस्टर सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखायच्या, कुणाला काय चालत नाही हे त्यांना पाठ होतं, स्लिपवरून त्या फक्त आकडे घ्यायच्या. पण त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि त्याच आठवड्यात नवी सिस्टर आली होती. ती स्लिप बघूनच औषध देणार होती. आणि मावशी सांगणार नव्हत्या, कारण सांगू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं.

अण्णांना फोन लावला. बंद. मशीनवर जाताना ते फोन पिशवीत टाकतात. काउंटरला लावला. ताईंनी उचलला.

"बोला मॅडम. आज सगळे फटाफट झाले, आठच्या आत काम संपवलं मी."

"ताई, मावशींची स्लिप पुन्हा काढायची आहे. देवगावच्या. जरा... प्रिंटरचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय."

प्रिंटरचा! ते शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला अजून कळत नाही. म्हणजे कळतं. माझ्या प्रोग्राममुळे मावशींचा जीव जाईल, हे वाक्य जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. मला मावशींसाठी भीती वाटत होती आणि स्वतःसाठीही, आणि फोनवर दुसरी भीती पुढं झाली.

"बरं, गर्दी सरली की काढते," ताई म्हणाल्या.

"आत्ता काढा ना. मशीन लावायच्या आधी."

"हो हो, काढते." आणि कुणाशी तरी बोलत बोलत त्यांनी फोन ठेवला.

मी स्कूटी काढली. जालना रोडला त्या वेळी जी गर्दी असते ती होतीच. मुकुंदवाडीपाशी एकदा थांबून पुन्हा फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. सिडको बसस्टँडच्या सिग्नलला लाल दिवा संपता संपेना. माझ्या पुढं शाळेची व्हॅन होती, मागच्या काचेतून दोन मुली मला वाकुल्या दाखवत होत्या. डोळ्यांपुढं सारखा मावशींचा पाय येत होता, मी कधी न पाहिलेला, काळानिळा पडलेला. आठ वाजून दहा मिनिटं. म्हणजे त्या आल्या असतील. वीस मिनिटं. म्हणजे वजन झालं असेल, सुई लागत असेल. हेपरिन सुरुवातीलाच देतात. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्यानं बोलत होते. ताई, मशीन लावू नका, स्लिप खोटी आहे, चूक माझी आहे. फोनवर जे म्हणायला हवं होतं ते सगळं मी सेव्हन हिलच्या पुलावर हेल्मेटला सांगत होते.

सेंटरच्या जिन्यातच वरचे आवाज ऐकू आले. वॉर्डात कधी मोठ्यानं बोलत नाहीत. मी दोन-दोन पायऱ्या चढले आणि दारात थांबले. पुढं जायचं धाडसच होईना.

मावशींच्या मशीनभोवती लोक होते. डॉक्टर होते, ताई होत्या. आणि मधे मावशी. पलंगावर उठून बसलेल्या, पदर तोंडाशी, डोळे उघडे. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी दाराच्या चौकटीला धरलं.

काय झालं होतं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, इथं सरळ सांगते. नव्या सिस्टरनं स्लिप वाचून हेपरिन सिरिंजमध्ये भरलं होतं. मावशींना सुया लागल्या होत्या. शेजारच्या मशीनवर अण्णा, दोन्ही नळ्या हाताला लागलेल्या, हलता येत नाही. त्यांना मावशींच्या स्टँडवर मिठाच्या पाण्याची बाटली दिसली नाही. दोन वर्षं त्यांनी दर अर्ध्या तासाला ती बाटली सुरू होताना ऐकली होती. माझे अण्णा, ज्यांनी कधी चहात साखर कमी आहे हेसुद्धा सांगितलं नाही, ते ओरडले. सगळा वॉर्ड दणाणेल असे ओरडले. "सिस्टर, हात काढा! काढा म्हणतो ना! त्यांना नाय चालत ते!" सिस्टरच्या हातून सिरिंज खाली पडली.

औषध मावशींच्या अंगात गेलं नव्हतं. पण भीती गेली नाही, तिनं नुसती जागा बदलली, कारण डॉक्टर त्या नव्या सिस्टरला झाडत होते. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. हातात स्लिप धरून रडत रडत एकच वाक्य म्हणत होती, "सर, यावर असंच आहे. बघा ना सर, यावर असंच आहे."

"यावर कसं असेल?" डॉक्टर स्लिप न बघताच म्हणाले. "गेली दोन वर्षं यांच्या नावावर ॲलर्जी आहे. दुसऱ्याची स्लिप लावलीस तू. उद्यापासून यायचं नाही."

आणि तेव्हा अण्णा बोलले. आवाज अजून चढलेलाच होता. "सर, ते माझ्या पोरीनं केलेलं हाय. त्यात चूक व्हत नाय. ह्या बाई नव्या हायेत, घाईत झालं असंल त्यांच्याकडून." मग त्यांना मी दिसले. चेहरा एकदम उजळला. "ही आलीच बघा. इचारा हिलाच."

सगळे वळले. सिस्टरसुद्धा.

हा क्षण लिहायचा नाही असं मी ठरवलं होतं. खरं सांगते, मला 'हो' म्हणावंसं वाटलं. हो, स्लिप बदलली असेल. मावशी वाचल्याच होत्या. मी घरी जाऊन संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त केलं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. अण्णांचा तो चेहरा तसाच राहिला असता. मी तोंड उघडलं तेव्हा आतून काय बाहेर येणार आहे ते मलाच माहीत नव्हतं.

"स्लिप बरोबर लावली होती त्यांनी," मी म्हटलं. "स्लिपच चुकीची छापली. प्रोग्राम चुकला. मी चुकले."

डॉक्टरांनी सिस्टरच्या हातातली स्लिप घेतली आणि वाचली.

"मग फोनवर प्रिंटर का म्हणालात?" ताईंनी विचारलं. मी अण्णांकडे बघू शकत नव्हते, म्हणून मावशींकडे बघितलं.

मावशी रागावल्या नव्हत्या. नुसत्या गोंधळल्या होत्या. "तूच म्हणली व्हतीस ना माय," त्या म्हणाल्या, "आता सांगायचं काम नाय म्हणून."

डॉक्टरांनी त्याच तासाला कॉम्प्युटर बंद करायला लावला. कपाटातून लाल शाईचं रजिस्टर निघालं. सिस्टर तोंड धुऊन आली, आणि मावशींच्या मशीनला मिठाच्या पाण्याची बाटली लागली.

दुपारी अण्णांना मागं बसवून घरी निघाले. क्रांती चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "झालं काय नेमकं? मला कळंल असं सांग."

मी सांगितलं. लायब्ररी प्रत्येक कामाला नंबर परत देते, शून्य आला तरच पुढं जायचं, आणि मी नंबर बघायचं सोडून दिलं होतं.

अण्णा म्हणाले, "म्हंजे कंडक्टरनं एकच बेल मारली, अन् तू गाडी काढली."

एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. पस्तीस वर्षांत अण्णांनी दुसरी बेल ऐकल्याशिवाय गाडी हलवली नाही. मागून माणसं ओरडली, हॉर्न वाजले, तरी नाही. एकदा पिशोरच्या स्टँडवर एका म्हातारीचं लुगडं दारात अडकलं होतं, ते कुणालाच दिसलं नव्हतं, आणि गाडी जागेवर होती म्हणून ती वाचली. लहानपणी मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल.

"हो," मी म्हटलं.

"अन् याच्या आधी किती येळा काढली?"

लायब्ररीनं दिलेले ते नंबर मी बघितले नव्हते, म्हणजे कुठं लिहूनही ठेवले नव्हते. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत किती स्लिपा खोट्या छापल्या गेल्या, हे सांगणारं प्रोग्राममध्ये काही नव्हतं.

सेंटरवर रोजच्या स्लिपा एका फाइलीत चिकटवून ठेवतात. साहेबांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि तीन आठवडे सुट्टी घेतली. रोज सकाळी सेंटरवर जायचे, अण्णांच्या दिवशी त्यांच्यासोबत, काउंटरच्या मागच्या खोलीत बसायचे, आणि एकेक स्लिप रजिस्टरशी ताडून बघायचे. पान उलटताना प्रत्येक वेळी भीती वाटायची. या पानावर कुणी नसू दे, असं मनात म्हणायचे आणि उलटायचे. अंगठा ओला करून, त्या सिस्टरसारखाच. ताई पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग एक दिवस न बोलता चहाचा कप ठेवून गेल्या. बऱ्याच चुका निरुपद्रवी निघाल्या, एकसारखी औषधं असलेल्या माणसांच्या. पिशोरच्या एका काकांना दोन वेळा औषधाची चुकीची मात्रा गेली होती, डॉक्टरांनी त्यांना बोलावून तपासलं, मी समोर बसून त्यांची माफी मागितली.

मग श्रावणातली एक स्लिप आली. नाव अण्णांचं होतं. तारीख बघितली, दिवस आठवला. त्या दिवशी ताईंनी गठ्ठा उलटा धरला असावा, अण्णांचं कार्ड सगळ्यात शेवटी वाचलं गेलं होतं. नावाखाली छापलेलं वजन त्यांचं नव्हतं. त्यांच्या आधी वाचलेल्या मावशींचं होतं, दोन किलोनं कमी. सिस्टरनं आकडा बघून अण्णांच्या अंगातून तेवढं पाणी जास्तीचं ओढलं होतं.

मी फाइल बंद केली. उघडली. पुन्हा बघितली. ती तीच होती.

त्या दिवशी घरी आले तेव्हा अण्णा पलंगावर बसून दुसऱ्या दिवशीचा गठ्ठा लावत होते. प्रोग्राम बंद पडला होता, कार्डं आता कशालाच लागत नव्हती, पण नंबर लावायला ती चालत होती, म्हणून माणसं अजून ती त्यांच्याकडे ठेवून जायची.

"अण्णा, श्रावणात त्या दिवशी तुम्ही पायरीवर बसलात. तेव्हा काय होत होतं?"

"काय नाय."

मी त्यांच्या समोर फरशीवर बसले आणि उठले नाही. त्यांनी रबर बँड घातला, काढला, पुन्हा घातला. मी बसूनच होते.

"पायात गोळे आले व्हते," शेवटी ते म्हणाले. "पोटऱ्या फुटत्यात का काय असं. डोळ्यापुढं अंधारी. लई भ्यालो व्हतो. म्हणलं, जिना चढून व्हत नाय आता, इथंच जातो."

"मग मला का नाही सांगितलं? मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय, इचारलं व्हतं," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पाणी दिलं अन् वर गेलीस. तुझं काम चालू व्हतं."